बिनकाचेची डबी

माझ्या दुकानात पाऊल टाकणारं नवं गिऱ्हाईक आधी माझ्या मागं बघतं. मागं भिंत आहे, भिंतीवर जुन्या रिमोटांची माळ आहे, बाकी कुणी नाही. तरी "मेकॅनिक कुठं गेलेत?" असं विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. "जेवायला गेलेत, तोवर मी बघते," असं म्हणून मी वस्तू हातात घेते, उघडते, दुरुस्त करून परत देते. मेकॅनिक काही जेवून येत नाहीत. पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक सरळ "ओ ताई" अशी हाक मारत येतं.

नारायणगावच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं हे दुकान. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढं टीव्हीचे मोठे डबे गेले, डीव्हीडी आल्या आणि गेल्या, मोबाइल आले ते राहिले. पण मोबाइल आता आतून गोंदानं चिकटवलेले असतात. उघडायला गेलं की दुरुस्तीपेक्षा मोडतोडच जास्त होते. धंदा असा कंटाळवाणा होत चालला होता, तेवढ्यात हातात धरून खेळायच्या गेमच्या डब्या बाजारात आल्या आणि माझ्या बोटांना पुन्हा काम मिळालं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तळहाताएवढी वस्तू. मधोमध काचेची स्क्रीन, डावीकडं दिशेची बटणं, उजवीकडं उडीची आणि ठोशांची बटणं. आत पूर्वीच्या गेम पार्लरमधले शेकडो खेळ भरलेले. टोमॅटो मार्केटमधले हमाल, ट्रकचे ड्रायव्हर, कॉलेजची मुलं, सगळ्यांच्या खिशात ही डबी दिसायला लागली. मागचे चार स्क्रू काढले की उघडते आणि आत सगळं डोळ्यांसमोर असतं. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

लोक ती दोन कारणांनी आणतात. एक तर बिघडली म्हणून. दुसरं म्हणजे "हिला जरा पळती करा" म्हणून. या दुसऱ्या कामाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रत्येक चिपला एक ठेका असतो. हलगीवर जसा एकामागून एक ठोका पडतो तसा, फक्त इतका जलद की माणसाच्या कल्पनेत मावणार नाही. दर ठोक्याला चिप एक बारीकसं काम उरकते. कारखान्यातून निघताना हा ठेका मुद्दाम जरा संथ लावलेला असतो, कारण सगळ्या चिपा सारख्या दमाच्या नसतात. आपण तो वाढवायचा. थोडा वाढवला, चालवून पाहिलं, आणखी थोडा वाढवला. एका जागी डबी गोठते, म्हणजे चालता चालता अडकून पडते. मग एक पायरी खाली यायचं आणि थांबायचं. मोबदल्यात चिप तापते आणि आपलं आयुष्य जरा लवकर खर्च करते. हे मी प्रत्येकाला आधी सांगते.

सांगून सगळ्यांना कळतंच असं नाही. निमगाव सावाचे गेनभाऊ म्हणून एक गिऱ्हाईक होतं. वाडवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. गेनभाऊंची आता कांद्याची शेती, पण हौसेनं थोडी मेंढरं राखलेली. मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसली की हे गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत बसायचे. त्यांची डबी मी पळती करून दिली आणि बजावलं, ही तापणार, हिला वारा लागू द्या. गेनभाऊंनी धूळ बसू नये म्हणून चालू डबी घोंगडीत गुंडाळून ठेवली. आठवड्याभरात परत आले, डबी जळलेली.

"ताई, मेंढरू घोंगडीत सुखात ऱ्हातंय, हिला काय झालं?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण ती चांगल्या दमाची चिप होती. असे किस्से पुष्कळ आहेत. पण सांगायचा आहे तो यमुनाचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, सकाळच्या वेळी, एक तरुण माणूस आणि त्याच्या कोपराला धरून एक मुलगी दुकानात आली. मुलगी विशी ओलांडलेली, अंगानं बारीक, हातात पांढरी काठी घडी करून धरलेली. माणसानं काउंटरवर गेमची डबी ठेवली. स्क्रीनला एका कोपऱ्यातून तडा गेलेला. मी त्याच्याकडं बघून म्हटलं, "स्क्रीन बदलावी लागेल, भाऊ."

"मावशी, माझ्याशी बोला," मुलगी म्हणाली. "डबी माझी हाये."

मी तिच्याकडं वळले. तो माणूस ओशाळून हसला. त्याचं नाव किसन, तिचा थोरला भाऊ. मढच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. घरी भात आणि नाचणी. किसन मार्केटला टेम्पो चालवायचा. ही डबी त्यानं स्वतःसाठी घेतली होती. बहिणीनं ती एकदा हातात घेतली ती परत दिलीच नाही.

"स्क्रीन ऱ्हाऊ द्या तशीच," यमुना म्हणाली. "आवाज अडाकतोय, त्याचं बघा."

"आवाज?"

"दोघांनी एकदमच मारलं ना, की आवाज फाटतो. खर्रर्र करतो आन् मागं ऱ्हातो. तेवढ्यात मी मार खाते."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते तिला दिसायचा प्रश्न नव्हता, पण मी बोलत नाही यावरून ती समजली. तिनं हात पुढं केला. मी डबी तिच्या हातात ठेवली. तिनं ती चालू केली आणि बोटांनी भराभर बटणं दाबत खेळांच्या यादीतून नेमका एक खेळ काढला. वर किती, खाली किती, सगळं पाठ. खेळ मारामारीचा होता. दोन गडी समोरासमोर उभे राहतात, ठोसे, लाथा, उड्या, हातातून आगीचा गोळा सोडणं, असला. मी तिच्या शेजारी उभी राहून तडा गेलेल्या स्क्रीनवर बघत होते. तिचा चेहरा समोरच्या रस्त्याकडं होता. समोरचा गडी, म्हणजे डबीच चालवत असलेला, उडी मारून आला. यमुनाचा गडी खाली बसला आणि त्यानं खालून लाथ घातली. समोरचा आडवा. पुन्हा उठला, पुन्हा आला, पुन्हा आडवा. डाव संपला तेव्हा तिच्या गड्याला दोनच फटके बसले होते.

आमच्या गल्लीत सकाळी टेम्पोंची ये-जा असते, हॉर्न असतात, शेजारच्या रसवंतीचं घुंगरू असतं. त्या सगळ्या गलबल्यात एका बारीक स्पीकरच्या आवाजावर ती हे करत होती. मी खुर्चीवर बसले.

"कसं कळतं गं?"

"पायाचा आवाज येतो की. उडी मारली की 'हुप्' करतो, उतरला की धप् करतो. हुप् आन् धप् याच्यामधी मारायचं. ठोसा हलका का जोरात, त्याचा पण येगळा आवाज हाये. शाळंतल्या हॉस्टेलात आमी सगळे असंच खेळायचो, एका मास्तरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तिथं तर गडी कुठं उभा हाये तेबी कळायचं, डाव्या कानात का उजव्या. हिच्यात ते न्हाई. दोघं एकाच जागी उभं राहून बोलल्यासारखं वाटतं."

मग तिनं येण्याचं खरं कारण सांगितलं. तिच्या अंधशाळेतल्या जुन्या मुलामुलींचं संमेलन मे महिन्यात मंचरला ठरलं होतं. तिथं या खेळाची झुंज होणार होती. शाळेत असताना शरद नावाचा एक मुलगा तिला कायम हरवायचा. शरद आता घोडेगावकडं भजनी मंडळात पेटी वाजवायचा.

"त्याचा कान लई तिखट हाये, मावशी. मास्तरांचा कॉम्प्युटर कवाच मोडला. खेळ हिच्यावरच व्हनार हाये आन् ही अशी आवाज गिळत्या. मला त्याला नीट हरवायचंय. डबीमुळं हरलो असं त्याला म्हनता येऊ नये आन् मलापण."

मी डबी ठेवून घेतली.

उघडल्यावर आवाजाचं पहिलं कोडं लगेच उलगडलं. आवाजाच्या चिपमधून डावा आणि उजवा असे दोन वेगळे रस्ते निघत होते. पण बनवणाऱ्यानं स्पीकर एकच बसवलेला, म्हणून दोन्ही रस्ते मध्येच एका ठिकाणी जोडून टाकलेले. हेडफोनचं भोकसुद्धा त्या जोडानंतरच. डोळस माणसाचं काय अडतं? तो बघतो कोण कुठं उभा आहे. माझ्या हाताखालून अशा कित्येक डब्या गेल्या होत्या आणि त्या जोडाकडं माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. मी तो जोड सुटा केला. केसाएवढ्या बारीक दोन तारा घेतल्या आणि डावा रस्ता डाव्याला, उजवा उजव्याला असा थेट हेडफोनपर्यंत नेला. भिंगातून बघत, श्वास रोखून करायचं काम. सोल्डरचा एक थेंब शेजारी सांडला की संपलं.

दुसरं कोडं वेगाचं. आवाज फाटत होता कारण चिपला दम पुरत नव्हता. दोन गडी एकदम हलले, गोळा सुटला, की चित्र आणि आवाज दोन्ही सांभाळताना ती मागं पडायची. चित्र थोडं अडखळलं तर डोळा सांभाळून घेतो. कान घेत नाही. म्हणजे ठेका वाढवायलाच हवा होता. मी वाढवत गेले. आवाज स्वच्छ झाला, पण डबी तव्यासारखी तापायला लागली आणि थोड्याच वेळात गोठली. उष्णता ओढून घ्यायला चिपवर तांब्याचा पत्रा बसवावा म्हटलं तर आत बोट घालायलाही जागा नव्हती.

चार दिवसांनी यमुना आणि किसन आले. आधी मी तिला हेडफोन दिले आणि संथ ठेक्यावरच खेळ लावला. तिनं काही बटण दाबलं नाही. नुसती ऐकत राहिली. मग तिनं एक बोट उचललं आणि हवेत डावीकडं धरलं.

"हा हितं."

बोट हळूहळू उजवीकडं सरकलं.

"आन् हा हितं. किसनदादा, हा चालत आला बघ. हा बघ, माझ्या डोक्यावरून गेला!"

मी स्क्रीनकडं पाहिलं. समोरच्या गड्यानं तिच्या गड्यावरून उडी मारून पलीकडं पाय टेकले होते. तिचं बोट त्याच्याबरोबर कमानीसारखं फिरलं होतं. किसन आपल्या बहिणीच्या त्या बोटाकडं बघत उभा होता. मीसुद्धा. इतकी वर्षं आवाजाच्या वस्तू दुरुस्त केल्या, पण आवाजाला जागा असते हे मला त्या दिवशी दिसलं.

मग मी वेगाची अडचण सांगितली. आत जागा नाही, उष्णता जायला वाट नाही, बॅटरीही पुरत नाही. "बॅटरीचा निम्मा घास तर ही स्क्रीनच खाते," मी सहज बोलून गेले. "हिच्यामागचा दिवा कायम पेटलेला. तापही त्याचाच."

"मंग काढून टाका की," यमुना म्हणाली.

"काय काढू?"

"स्क्रीन."

आयुष्यभर मी स्क्रीन बसवत आले होते. फुटलेली काढायची, नवी बसवायची, ती लागली की गिऱ्हाईक खूश. काढून टाकायची आणि तसंच परत द्यायचं, हे माझ्या डोक्यात कधी येणंच शक्य नव्हतं. पण ती म्हणत होती त्यात कुठंच खोट नव्हती. स्क्रीन गेली की जागा मोकळी. दिवा गेला की ताप कमी. बॅटरी दुप्पट टिकणार. आणि बोर्डाला तर कळतही नाही की समोर स्क्रीन आहे की नाही. तो आपला चित्र पाठवत राहतो.

किसन मात्र गडबडला. "आगं, मंग मी काय बघू?"

"तू बघून तरी कुठं जिकतोस?"

तो हसला, पण मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "ताई, जळली तर? ती दिसभर हिच्यासंगच असती. आई-बाबा शेतावर, मी टेम्पोवर. हिच्याबिगर घरात तिला बोलायलाबी कोन न्हाई."

मी खरं ते सांगितलं. जळू शकते. जळली तर तीच चिप पुन्हा मिळेल याची खात्री नाही. यमुनाला आमची कुजबुज अर्थातच ऐकू गेली होती.

"मावशी, हळू चालवून जपून ठेवली तर ती मला खोटंच सांगत ऱ्हाणार ना? मला तशी नको."

मी सगळ्या सेटिंग स्क्रीन असतानाच लावून घेतल्या. खेळातलं संगीत बंद केलं, फक्त गड्यांचे आवाज ठेवले. मग बोर्डाला जोडणारी पट्टी सोडवून स्क्रीन उचलली. त्या रिकाम्या चौकोनात तांब्याचा जाड पत्रा बसवला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून चिपला भिडवला, वरून पातळ लाकडी फळी लावली आणि तिला बारीक भोकं पाडली. ठेका वाढवत नेला. गोठली त्या जागेच्या पुढं गेले. आणखी पुढं गेले. डबी कोमट राहिली. या जातीची चिप इतकी पळू शकते हे मला तरी ठाऊक नव्हतं. टेबलावर ती डबी वाजत होती, आत दोन गडी एकमेकांना बडवत होते, त्यांचं चित्र कुठंच नव्हतं आणि आवाज असा स्वच्छ, की खोलीत माणसं असल्यासारखं वाटावं. मी हातातलं काम टाकून ऐकत बसले होते.

यमुनानं मला संमेलनाला चलण्याची गळ घातली. साउंडची जोडणी करायला माहितीचं माणूस हवं होतं. मे महिन्यातली भर दुपार, मंचरचं एक मंगल कार्यालय, वर पत्रा. आत शंभरेक माणसं आणि बहुतेक सगळी न बघणारी. कुणी बाजारात अगरबत्त्या विकणारा, कुणी खुर्च्या विणणारी, कुणी बँकेत फोनवर, कुणी शाळेत शिकवणारा. एकमेकांना आवाजावरून ओळखत होती, खांद्यावर थापा मारत होती, "जाड झालास लेका," म्हणून हसत होती. जाड झाल्याचं त्यांना थापेवरून कळत होतं. स्टेजवर टेबल, टेबलावर आमची डबी, तिला दोन जॉयस्टिक लावलेल्या. सभागृहाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला मोठे साउंड बॉक्स ठेवून मी डबीचे दोन रस्ते त्यांना जोडले. मी टेबलापाशी खुर्ची घेतली. शेजारी दामूअण्णा म्हणून मंचरच्या बाजारातले अगरबत्तीवाले बसले होते. पन्नाशी उलटलेले, काळा चष्मा लावलेले, शाळेत सगळ्यांच्या पुढचे.

झुंजी सुरू झाल्या. बॉक्समधून धपाधप आवाज येत होते, सभागृह कधी "आई गं!" म्हणायचं, कधी टाळ्या वाजवायचं, कधी सगळं एकदम हसायचं. आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पुढं टीव्ही नाही, स्क्रीन नाही. त्या सगळ्यांत डोळे असलेले आम्ही मोजकेच, आणि नेमकं आम्हालाच काय चाललंय याचा पत्ता नव्हता. शेवटी मी दामूअण्णांना कोपरानं ढोसलं.

"काय झालं आत्ता?"

"आवो, त्यानं उडी चुकवली. उलट्या अंगानं गेला आन् पाठीत खाल्ली," दामूअण्णा मोठ्या उत्साहानं म्हणाले. "बसा, मी सांगतो तुमाला."

आणि पुढचा सगळा वेळ ते मला समालोचन करत राहिले. कोण कुठं उभा आहे, कुणाची किती ताकद उरली, सगळं.

शेवटची झुंज यमुना आणि शरदची. शरद ठेंगणा, शांत, बसताना पेटीपाशी बसावं तसा मांडी घालून बसला. पहिला डाव त्यानं घेतला, दुसरा यमुनानं. तिसऱ्याच्या सुरुवातीला आवाजात एक बारीक खरखर आली. मी डबीवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. छपराचा पत्रा तापलेला, सकाळपासून डबी चालू, कोमटपणा कधीच संपला होता. ठेका कमी करायचा तर खेळ बंद करावा लागतो. शेवटच्या डावात बंद करू? मी स्क्रू काढून फळी उचलली. तांब्याचा पत्रा उघडा पडला. टेबलावर पाहुण्यांसाठी माठातल्या गार पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या होता. तो मी बाहेरून पुसला आणि त्याचं बूड त्या पत्र्यावर टेकवून दोन्ही हातांनी धरून बसले. एक थेंब आत गेला असता तर सगळं संपलं असतं. तांब्याच्या बाहेरून दव सुटत होतं आणि मी पदरानं टिपत होते. खरखर थांबली.

"शरद पुढं हाये," दामूअण्णा कुजबुजले. "यमुनीनं जास्त मार खाल्लाय. प्रत्येक डावाला घड्याळ असतंय. वेळ संपला की ज्याची ताकद जास्त, तो जिकला."

आणि तेवढ्यात आवाज बंद झाला.

पूर्ण बंद. दोन्ही बॉक्स गप्प. जळली! मी तांब्या उचलायला गेले तर दामूअण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांबा, बाई. बंद न्हाई पडली. दोघं उभे हायेत."

"म्हणजे?"

"शरद हालत न्हाई. हालला तर आवाज होणार, आवाज झाला तर पोरीला कळणार तो कुठाय. वेळ संपायची वाट बघतोय. आन् ती बी हालत न्हाई."

मी वर पाहिलं. शंभर माणसं, माना किंचित तिरप्या, तोंडं अर्धवट उघडी. कुणी खाकरलंही नाही. पंख्यांचा घरघराट तेवढा. दिसण्यासारखं काहीच नव्हतं आणि कुणी जागचं हलत नव्हतं. अशी शांतता मी देवळातही ऐकलेली नाही.

मग डाव्या बॉक्समधून एक 'फुस्स' आवाज निघाला आणि सभागृहातून सरकत उजवीकडं गेला. वारा अंगावरून जावा तसा. उजव्या टोकाला पोचायच्या आधीच, मध्ये कुठंतरी, 'थड्' झालं.

"यमुनीनं गोळा सोडला!" दामूअण्णांनी माझं मनगट आवळलं. "त्यानं हातावर झेलला. पण जागा कळली तिला, जागा कळली!"

दुसरा 'फुस्स'. या वेळी 'थड्' झालं नाही. 'हुप्' झालं. शरदनं गोळ्यावरून उडी मारली होती. तो 'हुप्' उजवीकडून आमच्या डोक्यांवरून डावीकडं निघाला, आणि मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच, तो माणूस हवेत कुठं आहे ते ऐकलं. 'धप्' होण्याआधी यमुनाचं बटण कडाडलं. एक फटका, दुसरा, तिसरा, सलग, आणि मग कुणीतरी जमिनीवर पडल्याचा जड आवाज.

सभागृह उसळलं. माणसं उभी राहिली, काठ्या जमिनीवर आपटल्या, शिट्ट्या वाजल्या. किसन भिंतीपाशी उभा राहून सगळ्यांना विचारत होता, "कोन जिकलं? आरं, कोन जिकलं?" दामूअण्णा रडत होते की हसत होते ते काळ्या चष्म्यामुळं कळलं नाही. शरद जॉयस्टिक खाली ठेवून चाचपडत पुढं आला आणि यमुनाचा हात सापडल्यावर दोन्ही हातांत धरून म्हणाला, "गोळ्यानं मोजलंस व्हय मला? आपल्या शाळंत हे कुणालाच सुचलं नव्हतं."

यमुना हसत होती.

ती डबी पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालली. मग चिप गेली, मी आधीच सांगितलं होतं तशी. तिच्यासाठी मी दुसरी केली, शरदसाठी एक केली, आणि आता महिन्यातून एखादी तरी करते. बिनस्क्रीनच्या डब्या करणारी दुसरी कुणी बाई या भागात असेल असं वाटत नाही, आणि कुणी विचारलं तर मी हे जरा ताठ मानेनंच सांगते.

पण त्या दिवशी झुंज संपल्यावर सगळ्यांना डबी बघायची होती. थंड झाल्यावर मी ती पहिल्या रांगेत दिली आणि ती हातोहात फिरली. कुणी तिचं वजन घेतलं, कुणी कानाला लावली, कुणी जळका वास येतो का ते हुंगलं. खुर्च्या विणणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, पार्वतीबाई. त्यांची बोटं त्या तांब्याच्या चौकोनावर बराच वेळ फिरत राहिली.

"शोभाताई," त्यांनी मला विचारलं, "या जागेवर आधी काय व्हतं?"

"काच होती," मी म्हटलं.

पार्वतीबाईंनी पुन्हा एकदा त्यावरून बोट फिरवलं आणि डबी शेजारणीच्या हातात दिली.

"कशाला?" त्या म्हणाल्या.